तटाला टेकलेली आठ घरं

सोमवारी सकाळी एक्सेल उघडलं आणि आठपैकी आठ रकाने लाल. शुक्रवारी सहाच होते. म्हणजे शनिवार-रविवारी मी सेम्बावांगच्या पार्कात मुलांबरोबर कणसं खात होते, तेव्हा तिकडे एक भिंत उघडत होती, आणि त्या भिंतीला पाठ लावून एकतीस माणसं झोपत होती. 

ही गोष्ट दोन हजार सतराच्या हिवाळ्यातली. म्हणजे तुर्कस्तानच्या हिवाळ्यातली, सिंगापूरला कसला आलाय हिवाळा! मी स्ट्रक्चरल इंजिनीअर. मूळची पुण्याची, आता सिंगापुरातल्या वुडलँड्सची. आमच्या कंपनीचं काम मॉनिटरिंग. एमआरटीचा, म्हणजे इथल्या मेट्रोचा, बोगदा खणताना वरच्या बिल्डिंगी हलत नाहीत ना, यावर डोळा ठेवायचा. पण त्या वर्षी आम्हाला एक जगावेगळं काम मिळालं. तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर उस्मानी सुलतानांच्या काळातला एक समुद्री किल्ला आहे. आत अख्खं गाव नांदतंय. गल्ल्या, बेकरी, मशीद, कोंबड्या, सगळं. समुद्राकडच्या तटाला टेकून आठ घरं. काहींनी मागची खोली तटातच कोरलेली, त्यामुळे तिथे तटाची जाडी जेमतेम हातभर उरलेली. तटाला बाहेरून भेगा होत्या. त्या वाढताहेत का, ते आम्ही सांगायचं.

त्यासाठी प्रत्येक घरामागे भेगेवर एक क्रॅकमीटर बसवला होता. भेगेच्या दोन्ही काठांना स्क्रूने पकडलेली दांडी, दुसरं काही नाही. भेग रुंदावली की आकडा वाढतो, लॉगर नावाचा डबा तो दर तासाला टिपतो आणि मला जुरोंग ईस्टच्या ऑफिसात बसून दिसतो. ठरलेल्या मर्यादेपुढे गेला की रकाना लाल.

क्लायंट म्हणजे किल्ल्याच्या दुरुस्तीचं कंत्राट घेतलेली तिथली एक कंपनी. त्यांचा माणूस एर्दाल. दुपारी त्याचा फोन आला.

"मॅडम, रेड इज रेड. शुक्रवारी रिपोर्ट द्या. 'घरं राहण्यास धोकादायक', एवढी एक ओळ पुरे."

"आणि माणसं कुठे जाणार?"

"गावाबाहेर नवीन फ्लॅट आहेत."

"दुरुस्ती झाल्यावर परत येणार ना?"

"तो वेगळा विषय आहे, मॅडम."

त्या वेगळ्या विषयाचं नाव हॉटेल होतं. साइटवर आमची इंजिनीअर होती सेल्मा, तिथलीच, पन्नाशीची, सरळ बोलणारी. तिने मला आधीच सांगून ठेवलं होतं.

माझे बॉस मिस्टर टॅन. अन्यायी नाहीत, पण शब्द मोजून वापरणारे. "आठ लाल आहेत. लिहून टाक. कॅन ऑर कॅनॉट?"

"कॅन," मी म्हटलं आणि रिपोर्ट लिहायला बसले. लिहिता लिहिता आलेख चिकटवत होते आणि काहीतरी खटकायला लागलं. आठही भेगा एकाच दिवसापासून, जवळजवळ एकाच चालीने वाढत होत्या. भिंती काय कवायत करतात? प्रत्येक घराखालची जमीन वेगळी, दगड वेगळा. पाया खचत असता तर एखादी भेग धावली असती, दुसरी जागची हलली नसती.

रोजचं एकच रीडिंग मी बघत होते, सकाळी आठचं. एमआरटीच्या कामावर आमची तीच पद्धत. सकाळी मशीन सुरू होण्याआधी सगळं शांत असतं, म्हणून आठचं घ्यायचं. मी तासातासाचे आकडे उघडले. एक नंबरच्या घरामागची भेग संध्याकाळपासून रुंदावत जायची आणि तिथल्या दुपारपर्यंत परत मिटायची. दोन नंबरचं तसंच. तीनचंही तसंच.

मी सेल्माला फोन लावला. "संध्याकाळी तिथे काय करतात गं ही माणसं?"

"काय करणार? शेगडी पेटवतात. थंडी आहे."

ती फोन घेऊन सहा नंबरमध्ये गेली. तिथे हातिजे राहते, सत्तरीची विधवा बाई. सगळे तिला तेय्झे म्हणतात, म्हणजे मावशी. मावशीने व्हिडिओवर मला पत्र्याची उभी शेगडी दाखवली, तटाला खेटून ठेवलेली. झोपताना कोळसा भरून ठेवायचा, म्हणजे रात्रभर पुरतो.

मी कपाळाला हात लावला. लॉगरचं घड्याळ मीच सिंगापूरच्या वेळेवर लावलं होतं. आमचे सकाळचे आठ म्हणजे त्यांचे पहाटेचे तीन! भिंत आतून शेकून फुगलेली, बाहेरून गारठून आकसलेली, म्हणजे बाहेरची भेग सर्वांत रुंद असते ती हीच वेळ. बाहेरच्या थंडीचा हिशेब मी धरला होता. आतल्या शेगडीचा विचार मनाला शिवलाही नव्हता. बारा महिने एसी लावून झोपणाऱ्या बाईला शेगडी कुठून आठवणार? साप साप म्हणून नुसती भुई धोपटत होते मी, आणि त्यापायी एकतीस माणसं घराबाहेर पडणार होती.

टॅन ऐकून म्हणाले, "थिअरी छान आहे. प्रूफ?"

प्रूफ एकच. दोन दिवस शेगड्या विझवायच्या. डिसेंबरच्या थंडीत. म्हणजे सगळ्यांनी दोन रात्री बाहेर झोपायचं. गावात लग्नाचा हॉल होता, तो सेल्माने मिळवला. पण लोक हलेनात. त्यांना वाटलं, बाहेर काढायची ही युक्ती आहे. हातिजे मावशीने सेल्मामार्फत मला विचारलं, "त्या बाईला म्हणावं, माझ्या डोळ्यांत बघून सांग. परत येऊ देणार ना?"

मला तो अधिकार नव्हता. तरी मी स्क्रीनकडे बघून "हो" म्हणाले. मावशी उठली, डोक्याला रुमाल बांधला आणि दारोदार फिरून सगळ्यांना घेऊन गेली. मंगळवार-बुधवार शेगड्या थंड राहिल्या. ते दोन दिवस मला जेवण गेलं नाही. खालच्या हॉकर सेंटरमध्ये ताट समोर आणि हातात मोबाइल.

गुरुवारी सकाळी एक नंबर हिरवा. दोन हिरवा. तीन, चार, सहा, सात, आठ हिरवे. मी खुर्चीतून उडीच मारणार होते.

पाच लाल.

"सेल्मा, पाचवाल्यांनी शेगडी विझवली नाही का?"

"पाचला कुलूप आहे. मालक जर्मनीत. चार वर्षं तिथे कुणी नाही."

 ज्या घरात शेगडीच नाही, त्याची भेग शेगडीने वाढेल कशी? पाचचे तासातासाचे आकडे सोमवारीच माझ्यासमोर होते. पहिले तीन आलेख मनासारखे निघाले म्हणून पुढचे मी उघडलेच नव्हते. आता उघडले. उतार नावाला नाही, नुसता जिना. कुठलाही तास घ्या, आकडा वरच. सात खोट्या गजरांच्या गर्दीत एक खरा होता, आणि मी सगळेच बंद करायला निघाले होते.

सेल्मा शिडी लावून छपरावर चढली. तिथे हिवाळ्याआधी जो तो आपापल्या छपराची पन्हाळ साफ करतो, तशी रीतच आहे. पाचची करणार कोण? पन्हाळ पानांनी चोंदलेली, थंडीबरोबरच सुरू झालेल्या पावसाचं सगळं पाणी तटाच्या पोटात. आतला चुना धुऊन निघाला होता.

शुक्रवारी मी रिपोर्ट लिहिला. पाच नंबर अतिधोकादायक. लगतची चार आणि सहा ताबडतोब रिकामी करा, तटाला टेकू द्या. बाकीची घरं सुरक्षित, तिथली माणसं हलवू नका. आणि शेवटी एक वाक्य: 'दुरुस्तीनंतर चार व सहामधील रहिवासी आपापल्या घरी परततील.'

टॅननी त्या वाक्यावर बोट ठेवलं. "हे इंजिनीअरिंग नाही."

माझं डोकं तापलं. "ही माणसं पन्हाळी साफ करतात म्हणून तो तट उभा आहे! घर रिकामं केलं की भिंत जाते. याहून वेगळं इंजिनीअरिंग मला येत नाही."

टॅननी रिपोर्ट माझ्याकडे सरकवला. "यू साइन, यू कॅरी," म्हणाले. म्हणजे सही तुझी, निस्तरायचंही तूच. मी सही केली.

एर्दाल फोनवर खूप ओरडला. हातिजे मावशी तर हटूनच बसली, घर सोडेना. सेल्मा तिला रिपोर्टमधलं ते वाक्य तीनदा वाचून दाखवते आणि ती चौथ्यांदा वाचायला लावते, असं चाललं होतं. शेवटी रविवारी बिछाना उचलून ती पुतणीकडे गेली.

बारा दिवसांनी पाचमागचा तट समुद्रात कोसळला. जाताना सहाची मागची खोली घेऊन गेला. सेल्माने फोटो पाठवला. शेगडी दगडांत चेपलेली आणि शेजारी मावशीची लोखंडी खाट, मधोमध वाकलेली. मी ऑफिसच्या टॉयलेटमध्ये जाऊन रडले.

तट परत बांधायला दीड वर्ष लागलं. एर्दालच्या कंपनीने सहा नंबर परत द्यायला टाळाटाळ केली, तेव्हा मावशी त्या वाक्याचा कागद घेऊन कचेरीत जाऊन बसली. चौथ्या दिवशी तिला किल्ली मिळाली. पाचचा मालक काही आला नाही. आता हिवाळ्याआधी मावशीच दोन पन्हाळी साफ करते, आपली आणि पाचची.

आमच्या ऑफिसात यातून एक नियम झाला. जुन्या इमारतीचं काम आलं की फॉर्मवर पहिला प्रश्न भिंतीबद्दल नसतो. आत कोण राहतं, कधीपासून, आणि कुठल्या दाराला कुलूप आहे, ते आधी भरावं लागतं. नवीन मुलं हसतात. मी भरायला लावते.