कसून राह्यलो

मोताळ्यात आलो तेव्हा मला मराठी येते, असं मला वाटत होतं.

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या आजऱ्याकडचा. आठवीत शाळा सोडली. सुटली असं सांगायची पद्धत आहे, पण मीच सोडली. गावाकडच्या एका पंप बसवणाऱ्याच्या मागं फिरत फिरत राज्याच्या या टोकाला, वऱ्हाडात आलो. तो माणूस परत गेला, मी राहिलो. मोटार रिवाइंडिंगच्या एका दुकानात काम मिळालं. शेतकऱ्यांच्या जळालेल्या पाण्याच्या मोटारी यायच्या, आम्ही त्यांच्यातली जळकी तार काढून नवी भरायचो. मालक मला नावानं कधीच हाक मारत नसत. पहिल्या दिवसापासून मी त्यांचा ‘कोल्हापूर’.

पहिल्याच महिन्यात मी एक मोटार घालवली. बोअरमध्ये सोडायच्या मोटारीच्या पोटात आधी पाणी भरावं लागतं, कोरडी फिरवली तर आतलं बेअरिंग जातं. मालक मोटारीपाशी बसले होते, मी स्विचपाशी. ते ओरडले, “कोल्हापूर, पानी भरून राह्यलो बे!”

भरून राहिलं, म्हणजे भरलं, असं मी समजलो. स्विच दाबला. आतून जी किंचाळी आली ती मला अजून ऐकू येते.

मी सरळ आत जाऊन पिशवी भरली. मालक दारात आले.

“कुठी चालला?”

“घरी.”

“काऊन?”

“मोटार जाळली मी तुमची.”

“मोटार माही जळली ना? मंग तू काऊन जाऊन राह्यला?”

आता जाऊन राहायचं म्हणजे जायचं की राहायचं? पिशवी हातात धरून मी तसाच उभा. माझं तोंड बघून मालकांच्या डोक्यात उजेड पडला आणि ते खाली बसून हसायला लागले. इकडे ‘करून राह्यलो’ म्हणजे अजून करतोय, काम चालू आहे, हे मला तेव्हा कळलं. आमच्याकडे काम राहिलं म्हणजे झालंच नाही, आणि भरून राहिलं म्हणजे काठोकाठ. एकच शब्द, अर्थ पार उलटा.

त्या दिवशी दुकानात कायदा झाला. काम चालू असेल तर ‘थांब’ म्हणायचं, संपलं तर ‘झालं’. “मधातलं काही बोलायचं नाई,” मालक म्हणाले. ज्याचा हात कामावर आहे त्यानं ‘झालं’ म्हटल्याशिवाय दुसऱ्यानं स्विचला शिवायचं नाही. हा कायदा माझ्यासाठी केला होता, आणि तो त्यांनी स्वतः माझ्यापेक्षा जास्त पाळला. मला हाकलायला त्यांना एक शब्द पुरला असता. त्यांनी माझ्यासाठी एक शब्द सोडून दिला.

तेव्हापासून मी प्रत्येक गोष्ट तीनदा तपासतो. स्वभावच भित्रा, त्यात ती किंचाळी. गिऱ्हाईक ताटकळतं. “याचं झालं म्हंजे रजिस्ट्री झाली समजा,” असं मालक त्यांना सांगायचे. मला ते बोलणं सोन्यासारखं वाटायचं.

अशी बारा वर्षं गेली. मग मालकांचे हात थरथरायला लागले. आधी तार खाचेत बसेना, मग चहाची बशी वाजायला लागली. सगळं काम माझ्याकडे आलं. ते खुर्चीवर बसून नुसतं ऐकायचे. मोटारीचा आवाज ऐकून दोष सांगायचे, आणि तो बरोबर निघायचा.

उन्हाळ्यात त्यांची नात पुण्याहून आली होती. कॉलेजात शिकते, रिमोटच्या गाड्या पळवायचा नाद. तिनं जेवताना सांगितलं की पावसाळ्यानंतर मलकापूर रोडला एका हौशी शेतकऱ्याच्या रिकाम्या वावरात शर्यत आहे, आणि त्यात जुन्या गाड्यांचा वेगळा गट आहे. मालकांनी घास तसाच ठेवला. मला म्हणाले, “कोल्हापूर, माळ्यावरची पत्र्याची पेटी काढ.”

पेटीत गाडी होती. वीतभर रुंद, दोन विती लांब, मागची चाकं जाड, पुढची बारीक, पाठीवर पंख. माती-दगडांतून पळवायची बग्गी. तरुणपणी मालक मालवाहू जहाजावर वायरमन होते. जपानच्या एका बंदरात त्यांनी ती सुट्या भागांत घेतली आणि केबिनमध्ये बसून जोडली. इथं आल्यावर बाजाराच्या दिवशी कापसाच्या जिनिंगच्या मैदानात पळवायचे. बैल बुजायचे, माणसं भाजी घ्यायची विसरायची. पण बॅटरी पाच-सात मिनिटांत बसायची आणि गाडी मैदानाच्या मधोमध उभी राहायची. दरवेळी मालक लोकांच्या हसण्यातून चालत जाऊन तिला काखेत मारून आणायचे. मग प्लास्टिक तुटलं, आणि ती माळ्यावर गेली.

“मले आता चालवता नाई येत,” ते हात मांडीखाली दाबून म्हणाले. “हे पोट्टी चालवते. तू बनव. जिंकली नाई तरी चालते. पन एक बार शेवटलोक पळताना पाहाची हाय. पुरी.”

एवढंच. बारा वर्षांत त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. मला रात्रभर झोप नाही.

नियम नातीनं सांगितले. सांगाडा, गिअरचा डबा आणि वरचा टप, म्हणजे प्लास्टिकचं कवच, जुनाच हवा, बाकी काय हवं ते बदला. मी गाडी पूर्ण खोलली. कुठला स्क्रू कुठला ते कळावं म्हणून अंड्याच्या ट्रेमध्ये एकेका खड्ड्यात ठेवला. जुना वेग बदलायचा खटका काढला, तो विजेपेक्षा उष्णताच जास्त करायचा. त्या जागी हाताच्या अंगठ्याएवढा नवा कंट्रोलर आला. जुनी बॅटरी दगड झाली होती, तिच्या जागी हलकी नवी. चाकं प्लास्टिकच्या बुशात फिरत होती, तिथं नखाएवढी बॉल बेअरिंगं बसवली. प्रत्येक बेअरिंग कानापाशी फिरवून ऐकलं. दोन परत पाठवली. नात म्हणाली, “काका, नवीन आहेत ती!” म्हटलं, “नवी असू देत, कुरकुरतात.”

मागच्या चाकांचे दांडे तुटलेले होते आणि तसे आता मिळत नव्हते. पॅनेल बोर्डाला लावतात त्या फायबरच्या पाटीतून मी ते करवतीनं कापले, कानशीनं घासले. तिसरी जोडी जमली. टप तीन ठिकाणी चिरलेला होता. मोटारीच्या तारांचे गुंडाळे ज्या दोऱ्यानं बांधतो त्याच दोऱ्यानं, त्याच गाठीनं मी चिरा शिवल्या. लांबून बघितलं तर गाडीला टाके घातल्यासारखे दिसायचे. मालकांनी त्या टाक्यांवरून बोट फिरवलं. हे लिहिताना छाती फुगते. फुगू दे.

नव्या रिमोटला लांब अँटेनाची गरज नव्हती. मी ती काढायला गेलो तर मालक खुर्चीतून उठले. “अबे, शेपूट नको काढू तिचं! लांडी दिसीन.” शेपूट ठेवलं.

नव्या मोटारीवरून मात्र आमचं वाजलं. नातीला सगळ्यात तेज मोटार हवी होती. मी नाही म्हटलं. तीन एचपीच्या पंपाच्या दांड्याला पाचची मोटार लावली की आधी काय तुटतं ते मी बघितलेलं आहे. जुन्या गिअरला पेलेल तेवढीच घेतली. “काका, तुम्ही फार घाबरता.” मी म्हटलं, “व्हय.”

शर्यतीच्या दिवशी वावरात गर्दी होती. सोयाबीन निघालेलं, जमीन दाबून पाणी मारून घट्ट केलेली, वळणं जुन्या ठिबकच्या नळ्यांनी आखलेली, मध्ये मातीचे उंचवटे. अकोल्याची माणसं, बुलढाण्याची, जालन्याची. आमच्या शेजारच्या टेबलावर जालन्याचे एक गृहस्थ. त्यांची गाडी आरशासारखी चकचकीत. आमची बघून म्हणाले, “काय हो, ही शर्यतीला आणली का टाके काढायला?”

मालक खुर्चीवरूनच म्हणाले, “बाळंतीन हाय जी. सांभाळून ओव्हरटेक करजा.”

सकाळच्या सरावात मोटार बोट ठेववणार नाही इतकी तापली. मी मोटारीच्या दांड्यावरचं छोटं दातेरी चाक, पिनियन, बदलायचं ठरवलं. एक दात कमी असलेलं घातलं की वेग थोडा घटतो, मोटार थंड राहते. नवं पिनियन सरकवलं, दोन दातेरी चाकांमध्ये कागदाची पट्टी घालून अंतर जमवलं, त्याचा बारीक स्क्रू बोटानं थोडा फिरवला. आता त्याला निळा डिंक लावायचा, म्हणजे हादऱ्यानं सुटत नाही, मग चावीनं आवळून कसायचा. डिंकाची बाटली टेबलाखाली पिशवीत. तेवढ्यात पहिल्या फेरीसाठी आमचा नंबर पुकारला. नात धावत आली.

“काका, पिनियन कसलंत?”

“हाव, कसून राह्यलो!” मी खाली वाकत म्हटलं.

बाटली घेऊन वर आलो तर टेबलावर गाडी नव्हती.

ती तिकडे रेषेवर होती. मी ओरडलो, पण भोंगा वाजत होता आणि जनरेटर धडधडत होता. गाड्या सुटल्या. पहिला फेरा गेला. दुसरा गेला. आमची टाक्यांची बग्गी उंचवट्यावरून अशी उडत होती की लोक बोट दाखवत होते, आणि मी एकटा तिच्याकडे बघू शकत नव्हतो. तिसऱ्या फेऱ्यात तो आवाज आला. मोटार एकदम मोकळी, उंच किंचाळी, आणि चाकं जागच्या जागी. गाडी वावराच्या मधोमध उभी राहिली.

लोक हसले. मालकांनी हात मांडीखाली घातले.

नात गाडी घेऊन आली, डोळ्यांत पाणी. “काका, तुम्ही कसलं म्हणालात ना?”

मी खरं तर गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. जुनं प्लास्टिक, कुणाला काय कळतंय. पण मी मालकांपुढं जाऊन उभा राहिलो. “स्क्रू आवळायचा होता. मी तिला बोललो, कसून राह्यलो.”

“काय बोलला?”

“कसून राह्यलो.”

“मधातलं बोलला?”

“हाव.”

मालकांनी मान खाली घातली. मग खांदे हलायला लागले. मला वाटलं, थरथर वाढली. ते हसत होते. “बाप्पा! बारा वर्सानं कोल्हापूर वऱ्हाडी झालं, अन् तेबी आजच!” नातीला म्हणाले, “तुही चूक नाई बाई. त्याची माही भाषा एक झाली, त्याले मालूमच नाई पडलं.”

मलाही खरंच माहीत नव्हतं. कधी झालं असेल? मी शरमेनं उभा होतो, आणि आत कुठंतरी मला बरं वाटत होतं. दोन्ही एकदम.

शेवटच्या शर्यतीत सगळ्यांनाच घेणार होते, आम्ही सगळ्यात मागं. पिनियन गाडीतच अडकलेलं सापडलं, पण तो स्क्रू, तांदळाच्या दाण्याएवढा, काळ्या मातीत गेला. दुसरा माझ्याकडे नव्हता. तीनदा तपासणारा मी, आणि जादा स्क्रू नाही. जालन्याच्या गृहस्थांनी आपला डबा माझ्यापुढं सरकवला. “घ्या की, बाळंतिणीला लागंल.” मी त्यांचे आभार मानले का, ते आता आठवत नाही. मानले नसतील तर इथं मानतो.

स्क्रू बसवला. डिंक लावला. कागदाची पट्टी घालून अंतर बघितलं. आवळला.

“काका, झालं?”

“थांब.”

पुन्हा बघितलं. आमचा नंबर पुकारला. जालनेवाले जाता जाता म्हणाले, “अहो, चला की!”

“थांबा.”

नातीनं हात पाठीमागं बांधले. तिसऱ्यांदा बघितलं. चाक हातानं फिरवलं, कान लावला.

“झालं.”

मगच तिनं गाडी उचलली.

सात मिनिटांची शर्यत. मी घड्याळ बघितलं नाही, मोटार ऐकत होतो. तिसरा फेरा गेला. जिथं सकाळी थांबली होती तिथून टाके दाखवत गेली. पुढं कोण, मागं कोण, मला माहीत नाही. एका वळणावर ती उलटली, तिथं उभ्या केलेल्या पोरानं सरळ केली, पुन्हा पळाली. शेपूट वाकडं झालं होतं. पाच मिनिटं झाली असतील तेव्हा मालक खुर्चीतून उठले. याच वेळेला ती बसायची, त्या जुन्या दिवसांत. त्यांनी माझं मनगट धरलं.

भोंगा वाजला तेव्हा ती पळत होती. नऊ गाड्यांत चौथी. जालन्याची पहिली.

मालकांनी मनगट सोडलं नाही. सगळ्या वावराला ऐकू जाईल असे ओरडले, “झालं!”

संध्याकाळी मी गावाकडं आईला फोन लावला. सगळं एका दमात सांगितलं, जहाज, टाके, स्क्रू. शेवटी म्हटलं, “आई, मी बनवलेली गाडी पार शेवटपर्यंत पळून राह्यली होती.”

तिकडून आई काळजीनं म्हणाली, “राहिली? मधीच थांबली व्हय रं?”

“न्हाई गं आई. पळाली. पुरी पळाली.”

“मग तसं मराठीत सांग की!”