इनामगावच्या टेकाडावर मी गुन्हा कबूल केला

आता कुठल्या तोंडानं सांगू! पण चहा ओतलाच आहे तर ऐका. माती सगळेच खातात हो, मी ती तीन हजार वर्षं जुन्या टेकाडावर जाऊन खाल्ली!

मी रोज निमोण्याहून एसटीनं शिरूरला कॉलेजला जाते. त्या दिवशी इतिहासाच्या सरांनी वर्गाला इनामगावला नेलं. घोड नदीकाठचं जुनं टेकाड. उतरल्या उतरल्या सरांनी आम्हा मुलींचे मोबाईल गोळा केले आणि स्वतःच्या पाठीवरच्या बॅगेत टाकले. "एक तास तरी डोळ्यांनी बघा गं!"

मोबाईल दिला. पण कानातला इयरबड कोण देतंय? वरून स्कार्फ घट्ट बांधलेला, आत गाणी चालू. फक्त सरांच्या बॅगेला चिकटून चालायचं, म्हणजे गाणं तुटत नाही! सरांना वाटलं, काय ही इतिहासाची आवड!

भर दुपार. वारा पडलेला. बाभळीचं पान हलेना. सर हळूच म्हणाले, "इथं घरातल्या जमिनीखालीच माणसं पुरायचे. लहान पोरं मडक्यात. मोठ्यांचे पाय तोडून. का? तर मेलेलं माणूस उठून चालू लागू नये म्हणून, असं म्हणतात."

माझ्या तळपायाला मुंग्या आल्या. घाम पुसायला स्कार्फ सारखा केला, कानाला हात लागला आणि गाणं बंद!

आधी नुसती खरखर. मग एका बाईचा आवाज. खोल, मडक्यातून आल्यासारखा.

"कवळं हाय ना?"

मी मागं पाहिलं. कुणी नाही.

"पाय आधी तोड."

खच्च!

"हितनं?" हा पुरुषाचा आवाज.

"व्हय, हितनंच. मुंडकं ऱ्हाऊ दे."

खच्च! खच्च!

मी शेजारच्या पल्लवीचा दंड धरला. "पल्ले, ऐकलंस? पाय तोडतायत!"

"कुणाचे?"

तिला काहीच ऐकू येत नव्हतं! म्हणजे हे फक्त माझ्यासाठी?

"पोरगी यील आता," कानातली बाई म्हणाली. "तिच्यासाठीच हाय हे."

संपलं! मी टेकाडावर गुडघे टेकले आणि जी सुटले! "चुकले हो बाई! ऑनलाइन लेक्चर हाय सांगून मी गोठ्यामागं रील करते! 'निमोण्याची राणी' नावाचं खातं माझंच हाय! घासायची भांडी पडली की डोकं दुखतंय म्हणते! पण माझे पाय तेवढे सोडा!"

सगळा वर्ग गोळा झाला. सरांच्या हातातली पाण्याची बाटली तशीच राहिली. कानातला खच्च आवाजही थांबला.

मग तीच बाई, एकदम स्पष्ट, एकदम ओळखीची: "कोण, सुवे? तू हायस व्हय?"

आई! मटणाच्या दुकानात माझ्यासाठी बोकडाचे पाय घेत होती. पिशवीतल्या पिशवीत तिचा फोन लागला आणि स्कार्फ सावरताना इयरबडला बोट लागून मी तो कानावरच उचलला. शिवाय आईचा फोन कायम स्पीकरवर. म्हणजे कबुलीजबाब अख्ख्या दुकानानं ऐकला!

"घरी ये," एवढंच म्हणाली.

आता मोबाईल जाणार, म्हणून एसटीत रडत बसले. पण आईनं मोबाईलला हात लावला नाही. तिनं त्याहून वाईट केलं. शेजारणीच्या पोरीकडून स्वतःचं खातं उघडून घेतलं.

परवा मी नवी रील टाकली. दोन मिनिटांत आईची कॉमेंट: "भांडी तशीच पडल्यात."

आणि माझ्या नाचापेक्षा त्या कॉमेंटला लाइक जास्त आहेत हो!