पाण्यावरची स्कूटर आणि माझी गिरणी

आमचे हे प्लास्टिकच्या खुर्च्या आणायला गेले आणि पाण्यावर चालणारी स्कूटर घेऊन आले. नव्वदच्या दशकातली गोष्ट. धरणाजवळचं एक हॉटेल बंद पडलं होतं, त्यांचं सामान विकायला काढलेलं. घरात नणंदेचं लग्न, म्हणून खुर्च्या हव्या होत्या. संध्याकाळी कांद्याच्या टेम्पोतून एक पिवळं धूड उतरलं. चाकं नाहीत, खाली सपाट, वर मोटारसायकलसारखं हँडल.

"खुर्च्या कुठंयत?" मी विचारलं.

"अगं, यावर तिघं बसत्यात," हे म्हणाले.

आमचं गाव दिंडोरीच्या बाजूला, चारी बाजूंना द्राक्षबागा. पाणी म्हणाल तर विहिरीत. तिथं स्कूटर कशी चालवणार? ती गेली द्राक्षं पॅक करायच्या शेडच्या कोपऱ्यात, आणि आठ-नऊ वर्षं तिथंच राहिली. तिच्यावर रिकामे क्रेट चढले, आत उंदरांनी संसार मांडला.

मला नेमका तोच कोपरा हवा होता. तिथवर थ्री-फेजची वायर आली होती, आणि मला पिठाची गिरणी टाकायची होती. दळण डोक्यावर घेऊन दुसऱ्या गावाला जायचं, तिथं वीज गेलेली असली की बसून राहायचं, याला मी कंटाळले होते. शिवाय गिरणी माझी असणार होती. बाग ह्यांची, ट्रॅक्टर दिरांचा, माझं म्हणावं असं मसाल्याच्या डब्यापलीकडे काय होतं?

मग शेततळं झालं. खड्ड्यात काळं प्लास्टिक अंथरून पाणी साठवलेलं. ते भरलेलं बघून ह्यांच्या डोळ्यांत जी चमक आली, ती आमच्या लग्नातही नव्हती.

मी म्हटलं, "अहो, दसऱ्याला आपण फक्त चालू यंत्रांची पूजा करतो. ही दसऱ्यापर्यंत सुरू झाली तर कोपरा तिचा. नाही झाली तर भंगारात, आणि कोपरा माझा."

"कबूल!" हे म्हणाले, आणि पिंपळगावहून फवारणीचे पंप दुरुस्त करणारा मिस्त्री घेऊन आले.

मिस्त्रीनं टाकीतलं पेट्रोल काढलं. ते काकवीसारखं झालं होतं आणि त्याचा वास तीन दिवस घरात राहिला. प्लग घासले, कार्बोरेटर धुतला, उंदराचं घरटं काढलं. त्यात माझ्या ब्लाऊजची बाही सापडली. ट्रॅक्टरची बॅटरी जोडली. बटण दाबलं तर टक् नाही की टुक् नाही. छाटणीची माणसं काम सोडून सल्ले द्यायला जमली. कुणी म्हणालं, उलटी करून हलवा. हलवली. त्यातून अजून एक उंदीर निघाला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी मनातल्या मनात गिरणीचा पट्टासुद्धा बसवला होता. तेवढ्यात मिस्त्री हँडलजवळ वाकून म्हणाला, "इथं कायतरी बसायचं राहिलंय. प्लास्टिकची चिमटी असती बघा, तिला लाल वेटोळ्याची दोरी. ती मनगटाला बांधायची. माणूस पाण्यात पडला की चिमटी निघून इंजिन बंद. चिमटीशिवाय हे चालू व्हायचं नाय."

मी चहा घेऊन उभी होते. माझा हात आपोआप कमरेला गेला. फडताळाची किल्ली मी इतकी वर्षं ज्या लाल दोरीला अडकवत होते, ती मला ह्याच स्कूटरवर सापडली होती. ताणली की लांब व्हायची, सोडली की परत गोळा. फार सोयीची. टोकाला चिमटी होती, ती मी कमरेला खोचायची.

गप्प बसले असते तर? एक दिवसाचा प्रश्न होता. पण ह्यांच्याकडे बघितलं. कोपरापर्यंत ऑइल, नाकावर काळा ठिपका, आणि चेहरा पार पडलेला. राहवलं नाही हो. दोरी काढून हातात दिली.

"तू ही कमरेला बांधून फिरत होतीस?" हे ओरडले.

"तुम्ही रोज बघत होतात की!"

चिमटी बसली आणि ती बया सुरू झाली. धूर इतका, की जाऊबाई वाळवणं उचलायला धावल्या. माझी गिरणी त्या धुरात गेली.

दसऱ्याला ट्रॉलीतून तिला तळ्यावर नेलं. मी हळदकुंकू वाहिलं, हँडलला झेंडूची भली मोठी माळ घातली. मिस्त्री म्हणाला, "वहिनी, माळ काढा, खालून पाणी ओढतंय हे."

"पूजेची माळ लगेच काढतात का कुठं?" मी म्हटलं. ह्यांना पोहता येत नव्हतं, म्हणून पोरांना बांधतात तसे पाठीला दोन रिकामे डबे बांधले. निघाले. दोन फेऱ्या अशा मारल्या, की मागून उडालेल्या पाण्यानं काठावरचं सगळं गाव भिजलं. तिसऱ्या फेरीला माळ सुटली, पाण्यात पडली आणि सुर्रकन स्कूटरच्या पोटात गेली. ढेकर दिल्यासारखा आवाज झाला, आणि सगळं शांत.

हे तळ्याच्या मधोमध. खाली बुळबुळीत प्लास्टिक, पाणी दोन पुरुष खोल. स्कूटर ट्रॉलीतून उतरवायला आणलेला दोर माझ्या हातात.

"अगं, टाक की दोर!"

"टाकते. कोपऱ्याचं काय?"

"चालू झाली की नाय? ठरल्याप्रमाणं कोपरा तिचा!"

"बरं मग, बसा तिच्यावर," म्हणून मी काठावर बसले. काठावरचं गाव हसून लोळत होतं. ह्यांनी हातानं वल्हवून बघितलं, स्कूटर जागच्या जागी गोल फिरली. तिसऱ्यांदा माझ्यासमोर आले तेव्हा म्हणाले, "अर्धा घे."

मी दोर टाकला. मला तरी सगळा कुठं हवा होता!

दिवाळीनंतर गिरणी बसली. उरलेल्या अर्ध्यात स्कूटर. दळण घेऊन आलेल्या बायका नंबर येईपर्यंत तिच्यावर बसायच्या, एका वेळी तिघी. तेवढं एक मात्र हे पहिल्याच दिवशी खरं बोलले होते.