धुतलेल्या बरण्या

आमची खोली नाल्याला पाठ लावून होती. टॉवेल रंगवणाऱ्या कारखान्यांचं पाणी त्यातून जायचं. आज निळं, उद्या किरमिजी. वडील मंद्रूपकडची कोरडवाहू जमीन सोडून शहरात आले आणि अशाच एका रंगखात्यात लागले. त्यांच्या हाताचा रंग कधी उतरला नाही. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी यायचं, आणि पाठीमागं बारा महिने पाणी वाहत होतं, ज्यात बोटही बुडवता येत नव्हतं. आम्ही भावंडं अंगावर चट्टे घेऊन शाळेत जायचो. बाई मागच्या बाकावर बसवायच्या. "वास येतो," असं तोंडावर सांगून.

एम.एस्सी.ला प्रकल्पाचा विषय निवडायची वेळ आली तेव्हा मी तेच पाणी निवडलं. विज्ञानाची ओढ वगैरे लोक म्हणतात. तसलं काही नव्हतं. मला त्या नाल्याकडून काहीतरी वसूल करायचं होतं.

गाळात काही जिवाणू असे असतात, की त्यांची हवा तोडली तर ते घाण खाता खाता वीज सोडतात. झाकणबंद बरणीत नाल्याचा गाळ आणि त्यात कार्बनची कांडी. शेजारच्या बरणीत मिठाचं पाणी, त्यातही कांडी. बरण्या मिठाच्या नळीनं आणि कांड्या तारेनं जोडायच्या, अशा सहा जोड्या ओळीनं लावायच्या आणि वाट बघायची. कांडीवर जिवाणूंचा बुळबुळीत थर धरायला आठवडे लागतात. तो थर हीच सगळी कमाई.

प्रयोगशाळेत वास नको म्हणून प्रकल्पाच्या सरांनी बरण्या घरी ठेवायला सांगितल्या. आमच्या घरी वास चालतो, हे त्यांनी गृहीतच धरलं होतं.

शेजारच्या काकू दारात उभ्या राहून म्हणाल्या, "शिकून शिकून पोरगी गटारीतच गेली की वो!"

आई म्हणाली, "जाऊ द्या की. तिच्या गटारीतनं लाईट येनार हाय."

बरण्यांना लावलेल्या मीटरवरचा आकडा रोज थोडा थोडा चढत होता. दसऱ्यानंतर कॉलेजची समिती प्रकल्प बघायला येणार होती. तिच्यासमोर माझ्या बरण्यांवर दिवा लागला पाहिजे, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

आमच्यात घट बसायच्या आधी घरातलं सगळं धुतात. वाकळा, डबे, पाटा-वरवंटा, काही सुटत नाही. मी कॉलेजातून आले तर माझ्या बरण्या भिंतीवर उन्हात पालथ्या, लखलखीत. कांड्या काथ्यानं घासून ओळीनं मांडलेल्या. वडिलांनी कारखान्यातून आणलेली ब्लीचिंग पावडर आईनं सढळ हातानं वापरली होती.

"आई, काय केलंस गं हे!"

"देवी बसायची घरात, आन् गटार भरून ठिवायची व्हय? लई वास मारत हुतं. धुतलं की चांगलं."

"त्यात जिवाणू होते. सगळे मेले."

"जंतू मारायचे असत्यात का पाळायचे? साळंत तर मारायलाच शिकवत्यात."

मी तिला नको ते बोलले. ती घटाखालची माती चाळत राहिली.

पुन्हा गाळ भरला, पण दिवस उरले नव्हते. सरांना सांगितलं, तर म्हणाले, "अगं, बरणीखाली एक पेन्सिल सेल चिकटव. समिती काय बरणी उचलून बघणार आहे?"

"नाही सर."

"मग भोग."

समितीसमोर मीटरवरचा आकडा जेमतेम हलला. मी खरं ते सांगितलं, की बरण्या धुतल्या गेल्या.

"कोणी धुतल्या?"

"आईनं. घट बसायचे होते."

सगळे हसले. सरसुद्धा. वर्गात सगळ्यांत कमी गुण मला मिळाले, ते मी सोसलं. आईवर हसलेलं मात्र अजून पोटात आहे.

मी बरण्या परत भरल्या, न्हाणीच्या मागं ठेवल्या. खरकटं पाणी घालून जिवाणू पोसले. आता आईच तिकडं कुणाला फिरकू देत नव्हती. "तितं हात लावू नगा, पोरीचे जीव हायत त्यात," असं काकूंना दटावायची.

शिवरात्रीनंतर दिवा लागला. सरांनी लगेच वार्षिक अंकासाठी फोटो काढवून घेतला. फोटोत बरण्या आहेत, सर आहेत. मी नाही. अंतिम परीक्षेत मात्र बाहेरच्या परीक्षकांनी बरण्या उचलून खालून, मागून पाहिल्या आणि गुण माझ्या नावावर दिले.

आमच्या घराण्यात कॉलेज पुरं केलेली मी पहिली. एम.एस्सी. मला पहिल्या वर्गात मिळाली. आणि नाल्याच्या घाण पाण्यावर एक लाल दिवा, हरभऱ्याच्या दाण्याएवढा, मी लावला.