राहिलेलं बारसं

मेन्यू मी वाचायचे आणि नावं ती ठेवायची. ही वाटणी आम्ही ठरवून केलेली नव्हती.

ती मुनिरक्यात एका खोलीत राहायची. परभणीकडच्या गावातून यूपीएससीसाठी दिल्लीला आलेली, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. आमचं घर तिथून चालत दहा मिनिटांवर, बाबांच्या सरकारी क्वार्टरमध्ये. मंडळाच्या गणपतीत आईची आणि तिची ओळख झाली. मी तिचं इंग्रजी बघायचं आणि तिने माझं मराठी, असं आईने परस्पर ठरवूनही टाकलं.

"हिला पाऊणशे म्हणजे किती ते सांगता येत नाही," आई माझ्यादेखत तिला म्हणाली.

"असू द्या काकू, मला तरी 'नेव्हरदलेस' कुठं वापरता येतंय?"

मी पाणी आणायचं निमित्त करून आत गेले. अनोळखी माणसांसमोर माझं असंच होतं. माझं मराठी घरातल्या घरात चालणारं, छोट्या वाक्यांचं. वाक्य लांबलं की मध्येच हिंदी येतं आणि समोरचा हसेल म्हणून मी ते अर्धवट सोडून देते. ती हसायची, पण वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबायची.

एका रविवारी निबंध तपासून झाल्यावर तिने विचारलं, "तुझ्या ऑफिसकडचे लोक काय खातात गं?"

माझं ऑफिस गुडगावला. हौज खासला मेट्रो बदलून मी तिला ऑफिसजवळच्या एका तुर्की रेस्टॉरंटमध्ये घेऊन गेले. तेच निवडलं, कारण ऑफिसच्या लोकांबरोबर मी तिथे एकदा गेले होते आणि कोपऱ्यातलं टेबल कुठे आहे ते मला माहीत होतं. कुठेही जायचं असलं की मी आदल्या दिवशी फोनवर मेन्यू वाचून ठेवते. म्हणजे वेटरला काही विचारावं लागत नाही.

तिला विचारायला आवडायचं.

"भैया, ये पत्ते के अंदर क्या है?"

"चावल है मॅम. अंगूर का पत्ता. डोल्मा. डोल्मा मतलब भरा हुआ."

तिने टेबलावर हात आपटला. "म्हणजे भरली! अगं, भरली वांगी, भरली मिरची, तशी ही भरली पानं. आणि मी उगीच घाबरायले." मग ती प्लेटवर वाकली, तोंडाशी हात धरला आणि बारशाला बाळाच्या कानात करतात तसं "कुर्रर्र" केलं. "भरली पानं," तिने त्या पानांना सांगितलं.

"हळू बोल ना, प्लीज."

"का? इथं कुणाला कळायलंय?"

"आम्हाला कळतंय," शेजारच्या टेबलावरचे एक काका म्हणाले. "नाव छान ठेवलंत."

"अहो, जेवू द्या की त्यांना," त्यांच्या सोबतच्या काकू त्यांना म्हणाल्या. तेवढ्यात ही उठून दोघांना नमस्कार करून आली. तोवर मी मेन्यूआड होते.

पण पुढच्या महिन्यात मीच विचारलं, ग्रीक खायचं का म्हणून. साकेतच्या मॉलमध्ये एक जागा मी शोधून ठेवली होती. तिथे पालक आणि चीज भरलेला, पापुद्रे सुटलेला एक त्रिकोण आला. त्याची झाली पालकाची करंजी. दह्यातल्या काकडीचं नाव त्झात्झिकी. ते तिने मला तीनदा म्हणायला लावलं. "तूच म्हण बाई, मी म्हटलं की शिंक आल्यासारखं वाटतंय." मग त्या काकडीचं बारसं झालं, दाण्याचं कूट विसरलेली कोशिंबीर.

तुर्की जागी आम्ही पुन्हा पुन्हा गेलो. तिथे मी आयुष्यात पहिल्यांदा मराठीत विनोद केला. बकलावा आला होता, पदरापदराचा, पाकात भिजलेला. "परदेशी शिकून आलेला चिरोटा," मी म्हणाले. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. निबंधाच्या वहीच्या शेवटच्या पानावर ती ही सगळी नावं उतरवायची. या नावापुढे तिने कंसात लिहिलं, 'मॅडमनी ठेवले'. मला ती मॅडम म्हणायची.

परतताना मेट्रोत ती डोळे मिटून राज्यघटनेची कलमं पाठ म्हणायची, ओठ हलायचे फक्त. मी शेजारी बसून तिच्या पिशवीचा बंद धरून ठेवायचे, ती उतरायचं विसरेल म्हणून. मुनिरका आलं की मला वाईट वाटायचं. हे मी तिला कधी सांगितलं नाही.

ऑफिसच्या मागच्या गल्लीत तेव्हा एका आर्मेनियन रेस्टॉरंटची पाटी लागली होती. लवकरच सुरू होत आहे, असं त्यावर लिहिलं होतं. महिने गेले तरी काचांना आतून कागद लावलेलेच होते.

"माझा निकाल लागला की इथं," ती म्हणाली. "त्यांचंही उघडंल, माझंही."

तो तिचा शेवटचा प्रयत्न होता. मुलाखतीपर्यंत पोचली होती. निकालाची यादी आली तेव्हा मी ऑफिसात होते. मी तिचं नाव टाइप करून शोधलं. सापडलं नाही. आडनाव आधी टाकून पाहिलं, मग यादी सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतः वाचली.

थोड्या वेळाने तिचा फोन आला. मी जिन्यात गेले. फोन हातात वाजत होता आणि मी वाक्य शोधत होते. इंग्रजीतलं वाक्य तयार होतं, पण ते मी ऑफिसात कुणालाही म्हणते. "वाईट वाटलं" हे आई कुणी गेल्यावर म्हणते. "होईल सगळं ठीक" म्हणायला मी कोण? चुकीचं बोलले असते तरी ती थांबली असती, नेहमी थांबायची तशी. पण त्या दिवशी मला ते सुचलं नाही. फोन वाजून वाजून बंद झाला.

दोन दिवसांनी मी मेसेज केला. 'सॉरी, परवा तुझा फोन चुकवला.'

तिचं उत्तर लगेच आलं. 'चुकला की चुकवलास?'

मला फरक कळला नाही. स्वयंपाकघरात जाऊन आईला विचारलं.

"चुकला म्हणजे आपला आपण. बस चुकते तसा," आई म्हणाली. "चुकवला म्हणजे मुद्दाम. का गं? कुणाचा चुकवलास?"

"कुणाचा नाही."

मला 'मिस झाला' असं म्हणायचं होतं आणि मराठीतला चुकीचा शब्द लिहिला गेला होता. पण चुकीचा शब्दच खरा होता. 'चुकला' असं लिहून दुरुस्ती करता आली असती, ते खोटं झालं असतं. 'चुकवला' लिहिलं असतं तर का तेही लिहावं लागलं असतं. मी काहीच लिहिलं नाही. रोज रात्री तो मेसेज उघडायचे आणि बंद करायचे.

पुढच्या आठवड्यात ऑफिसातून घरी आले तर आई म्हणाली, "अगं, ती येऊन गेली. उद्या गावी जातेय, तिथेच शिकवणार म्हणे पोरांना. तुझी वाट बघितली तासभर. तुझ्यासाठी वही ठेवलीय."

निबंधाची वही होती. शेवटच्या पानावर तिच्या ठसठशीत अक्षरात तीन मथळे होते. तुर्कीखाली नऊ नावं, ग्रीकखाली पाच. आर्मेनियन लिहून त्यापुढे दोन टिंबं दिलेली आणि खाली काही नाही.

मुनिरका घरापासून दहा मिनिटांवर. मी त्या संध्याकाळीही गेले नाही.

याला वर्ष होऊन गेलं. हिवाळ्यात त्या गल्लीतल्या काचांवरचे कागद निघाले. आत पिवळे दिवे, भिंतीवर एका डोंगराचं चित्र. मी ऑफिस सुटल्यावर रोज समोरून जायचे आणि आत कोपऱ्यातलं टेबल मोकळं आहे का ते बघायचे. मोकळं असलं तरी पुढे जायचे. मेन्यू मला पाठ झाला होता.

गेल्या शनिवारी दुपारी मी आत गेले. वही पिशवीत होती. वेटरने विचारलं, "मॅम, दो लोग?" मी नाही म्हणाले. त्याने समोरची प्लेट उचलून नेली.

रोटी आधी आली. लवाश. पातळ, टेबलाच्या बाहेर जाईल एवढी लांब, घडी घालून टोपलीत ठेवलेली, जागोजागी भाजल्याचे डाग. मी नाव शोधू लागले. रुमाली रोटीची ताई? नाही. पुरण हरवलेला मांडा? जवळपास होतं, पण तिने यापेक्षा चांगलं काहीतरी काढलं असतं. वही उघडली, ती दोन टिंबं समोर होती. मी पेन काढलं आणि परत ठेवलं.

मग फोन काढला. लिहायला लागले असते तर पुन्हा एक वर्ष गेलं असतं, म्हणून सरळ फोनच लावला.

"हं, कोण?" मागे पोरांचा गलका होता.

"मी."

गलका तसाच चालू होता. 

"चुकवला होता," मी म्हणाले. "मुद्दाम. मला वाक्य येत नव्हतं."

"एऽ, बसा खाली!" हे पोरांना होतं. मग मला, "एका वाक्याला वर्ष लागलं का गं?"

"हो."

"कुठं आहेस?"

"आर्मेनियन उघडलं. रोटी आलीय. नाव नाहीये."

 ती हसली की नुसता श्वास सोडला, ते कळलं नाही.

"माझा तास चालूय," ती म्हणाली. "अर्ध्या तासानं करते. बघ, उचलशील ना?"

"उचलीन."

फोन बंद झाला. तो मी टेबलावर उताणा ठेवला आणि आवाज पूर्ण वाढवला. मी कधीच तसं करत नाही. लवाश वाळायला लागली होती, म्हणून तिच्यावर नॅपकिन घातला. वेटर येऊन म्हणाला, "मॅम, ब्रेड ठंडी हो गई, दूसरी ला दूँ?"

"नहीं," मी म्हणाले. मग त्याच्याकडे बघून म्हणाले, "वो प्लेट वापस रख दीजिए, प्लीज."