डब्यातले सातचे बाजारभाव

रस्त्याच्या कामावर खडी कशी साठते, पाहिलंय कधी? एक ट्रक येतो, ओतून जातो. दुसरा येतो, त्याच्या शेजारी ओतून जातो. महिन्याभराने बघावं तर हा डोंगर! आमच्या किश्श्यांचं तसंच झालंय. कोणी मोजून ठेवले नाहीत, पण एक उचलायला गेलं की चार घरंगळत येतात.

एकसष्ट-बासष्ट साल असेल. शहाद्याच्या पुढे सातपुड्यात चढणाऱ्या रस्त्यावर मी हजेरी कारकून होतो. वय बावीस, लग्न नाही, अक्कल त्याहून नाही. राहायला एक खोली, तीही चाकांवरची! सरकारी कागदात तिला ‘कॅराव्हान’ म्हणत. आम्ही डबा म्हणायचो. लाकडी भिंती, वर पत्रा, खाली चार लोखंडी चाकं. रस्ता पुढे सरकला की रोलर तिला ओढत पुढे नेई.

त्या डब्यात आम्ही चौघं. रोलर ड्रायव्हर आप्पा, रनाळ्याचे, अहिराणी बोलणारे, पन्नाशी उलटलेले. नगीन मिस्त्री, शहाद्याजवळच्या गुजर घरातला. जिभेला हाड म्हणून नाही. वेस्ता, धडगावकडचा पावरा आदिवासी. स्वयंपाक आणि राखण त्याच्याकडे. आणि मी. दिवसा दीडशे मजूर असायचे. संध्याकाळी ते आपापल्या पाड्यांवर गेले की उरायचो आम्ही चार जण आणि तो डोंगर. तो एकांत नुसता खायला उठायचा. इतका, की झोपायला जाताना नगीन मिस्त्री रोलरला ‘गुड नाइट’ म्हणायचा!

म्हणून ठरलं, डब्यात रेडिओ पाहिजे.

* * *

वर्गणी काढली आणि रविवारी तिघं शहाद्याला गेलो. वेस्ता राखणीला थांबला. एसटी स्टँडजवळ एक रेडिओवाला होता. त्याने चार बॅटरीचे सेट मांडले, एकेक लावून दाखवायला लागला. गाणी काय, बासरी काय! नगीन मिस्त्री तर स्टुलावर बसून डोलायलाच लागला.

आप्पा म्हणाले, “गाना समदास्मा लागतस. माले बाजारभाव ऐकाड.”

दुकानदार म्हणाला, “आप्पा, बाजारभाव संध्याकाळी सातला. आता चार वाजलेत.”

“बठसूत!” म्हणाले आप्पा. आणि बसले की हो! तीन तास. तीन चहा झाले. दुकानदार रडकुंडीला आला. वेळ घालवायला सांगू लागला, की दिल्लीला आता चित्रं दिसणारा रेडिओ निघालाय, बोलणारा माणूस समोर दिसतो.

आप्पांनी मान हलवली. “नको भो. आवाज बरा. दिखाले लागनं ते घर जावानं मन व्हस.”

सात वाजले. चारही सेटवर आळीपाळीने कापूस, ज्वारी, मिरची ऐकली. ज्याच्यात आवाज सगळ्यात स्वच्छ, तो उचलला. परतताना नगीनने विचारलंच, “आप्पा, तुम्हाला गुंठाभर जमीन नाही. कापसाचा भाव तुम्हाला कशाला?”

आप्पा एसटीच्या खिडकीबाहेर बघत म्हणाले, रनाळ्याला चावडीवर पंचायतीचा रेडिओ आहे. रोज सातला तो लावतात. “तुन्ही वहिनी तठे ओटावर बठस. ती तठे ऐकस, मी आठे ऐकसू. तिले लिखता येत नही, माले बी येत नही. मंग दुसरं काय करतस?”

नगीन मिस्त्री पुढे एसटीतून उतरेपर्यंत एक शब्द बोलला नाही. हा स्वतंत्र किस्साच धरा!

* * *

तेव्हा रेडिओला लायसन लागायचं आणि ते पोस्टात मिळायचं. मी आणि आप्पा गेलो. पोस्टमास्तर नियमाचे पक्के. चष्म्यावरून बघत म्हणाले, “सेट कुठे ठेवणार?”

“डब्यात,” मी म्हटलं.

“डबा कुठे?”

“रस्त्यावर.”

“रस्ता कुठे?”

मी पुढचं बोलायच्या आत आप्पा म्हणाले, “तो आजून बनेल नही शे!”

पोस्टमास्तरांनी टाक खाली ठेवला. सरकारला पत्ता पाहिजे, म्हणाले. शेवटी ‘रस्त्याचा मैल अकरा’ असं लिहून घेतलं. लायसनचं पुस्तक हातात पडलं तेव्हा आम्ही मैल बारावर पोचलेलो होतो. आप्पांना त्याची धास्ती बसली. कामावर एखादी जीप दिसली की रेडिओवर घोंगडी टाकायचे. “पकडीसन लई जातीन,” म्हणायचे. रेडिओ जाईल याची भीती, स्वतःला नेतील याची नाही!

* * *

आता चूक सांगतो. माझीच आहे, त्यामुळे मोकळेपणाने सांगायला हरकत नाही.

रेडिओला वर एरियल आणि खाली अर्थिंगची तार लागायची. एरियल वेस्ताने मोहाच्या झाडाला बांधली. अर्थिंगसाठी हातभर खड्डा खणून त्यात कोळसा-मीठ घालायचं, तारेचं टोक पुरायचं आणि रोज तांब्याभर पाणी ओतायचं. जमीन ओली तर आवाज साफ. गावात एकदा खड्डा खणला की संपलं. आमचा डबा दर आठवड्याला पुढे जाणार, म्हणजे दर आठवड्याला नवा खड्डा, तोही मुरमात! माझ्या हाताला फोड आले.

मग मला अक्कल सुचली. शेजारी रोलर उभा. दहा टन लोखंड, थेट जमिनीवर. याच्याहून चांगलं अर्थिंग कोणतं? दिली तार रोलरला बांधून. चांगली पिळून, दोन गाठी मारून. संध्याकाळी बाजारभाव असे खणखणीत लागले की आप्पांनी माझी पाठ थोपटली.

सकाळी आठला आप्पांनी रोलर चालू केला आणि निघाले कामावर.

डब्यात धाडकन आवाज झाला. रेडिओ फळीवरून उडाला, खिडकीतून बाहेर पडला आणि रोलरच्या मागे निघाला धुळीतून! मी ओरडतोय, वेस्ता ओरडतोय, आणि रोलरच्या आवाजात आप्पांना कोणाचं काय ऐकू जाणार? पंधरा-वीस पावलांवर तार तुटली म्हणून बरं.

नगीन मिस्त्री म्हणाला, “कारकून, आता पाणी मारून वरून रोलर फिरवा. रेडिओ पक्का बसेल!”

कोणी हसलं नाही. आप्पा खाली उतरले. रेडिओची धूळ धोतराच्या सोग्याने पुसत बसले. डाव्या बाजूला लाकूड फुटलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सात वाजायच्या आत मीच खड्डा खणला, तार पुरली, दोन घागरी पाणी ओतलं. आप्पांनी खटका दाबला. कुठेच काही नाही! मग हळूहळू खरखर आली, आणि त्या खरखरीतून आला कापूस.

“लागना,” म्हणाले आप्पा. बस, तेवढंच. पण त्यानंतर एकही खड्डा मी कोणाला खणू दिला नाही.

* * *

वेस्ता रेडिओपाशी कधी बसायचा नाही. भाकऱ्या भाजत दाराबाहेर असायचा. एकदा म्हणाला, “कारकून, यात आमच्या बोलीचं कोण बोलतं, ते लावा ना.”

मी काटा या टोकाहून त्या टोकाला फिरवला. हिंदी लागलं, गुजराती लागलं, मराठी लागलं, कुठली कुठली न कळणारी भाषा लागली. पावरी काही लागेना. परत उलटा फिरवला. मलाच ओशाळल्यासारखं व्हायला लागलं. एवढी मोठी दुनिया त्या खोक्यात, आणि ज्याच्या डोंगरात आम्ही बसलोय त्याचा एक शब्द नाही!

वेस्ता म्हणाला, “राहू द्या.” हात झटकून तो बाहेर कड्याच्या टोकाला गेला, तोंडाभोवती हात धरले आणि लांबलचक हाळी दिली. थोड्या वेळाने पलीकडच्या डोंगरातून कोणीतरी तशीच हाळी दिली.

वेस्ता हसत मागे आला. “माझं स्टेशन लागलं!”

* * *

होळीला सातपुड्यात काम बंद. मजूर गेले, वेस्ता आपल्या गावी गेला, नगीन मिस्त्रीही घरी गेला. रोलर सोडून जाता येत नाही म्हणून आप्पा राहिले. मला बोलावणारं कोणी नव्हतं म्हणून मी राहिलो. आणि नेमकी बॅटरी संपली. शहाद्याहून नवी आणायची तर ट्रक बंद.

पहिल्या दिवशी सात वाजता आप्पा रेडिओसमोर बसले. खटका दाबला. काही नाही. तरी अर्धा तास बसले, मग खटका बंद केला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. डोंगरात लांबवर ढोल वाजत होते आणि इथे हा माणूस मुक्या लाकडासमोर मांडी घालून बसलेला. मला बघवेना.

चौथ्या दिवशी गुळाच्या पुड्याचा कागद सापडला. जुना पेपर, त्यात बाजारभाव! मी रेडिओच्या मागे जाऊन बसलो, घसा खाकरला आणि म्हटलं, “आता ऐका बाजारभाव.” कापूस वाचला, गहू वाचला, शेंग वाचली. थेट त्या रेडिओतल्या माणसासारखा सूर लावून.

आप्पांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, “आवाज चांगला शे, कारकून. पन तुन्हा भाव जुना शेतस. ती तठे आते ताजा ऐकी ऱ्हायनी व्हई.”

मी कागद घडी करून खिशात घातला. खरं सांगतो, त्या संध्याकाळी मला आप्पांची दया नाही आली, हेवा वाटला. कुठल्याही गावात, कुठल्याही ओट्यावर, माझ्या वेळेला ऐकणारं कोणी नव्हतं.

* * *

रस्ता पुरा झाला, डबा सरकारजमा झाला, आम्ही चौघं चार दिशांना गेलो. रेडिओ कोणी न्यायचा यावर वादच झाला नाही. फुटकं लाकूड सुतळीने बांधून आप्पा तो रनाळ्याला घेऊन गेले. पुढे ते रिटायरही झाले.

तीन-चार वर्षांनी कामानिमित्त नंदुरबारला गेलो होतो, तेव्हा वाकडी वाट करून रनाळ्याला गेलो. आप्पांचं घर लहानसंच, चावडीपासून चाळीस पावलांवर. वहिनींना पहिल्यांदाच पाहिलं. बारीक चणीच्या, कमी बोलणाऱ्या. “कारकून का तुम्ही? गूळना कागदवाला?” म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावून हसल्या. चहा दिला, जेवायचा आग्रह केला. कोनाड्यात रेडिओ होता, तीच सुतळी बांधलेला. अर्थिंगची तार मोरीच्या ओल्या जागेत पुरलेली. मला फार बरं वाटलं. म्हटलं, संपली एकदाची यांची तपश्चर्या.

सातला पाच कमी असताना वहिनींनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं, हात पुसले, पदर डोक्यावर घेतला आणि निघाल्या.

“कुठे निघालात वहिनी?”

“चावडीवर.”

मी रेडिओकडे बघितलं, आप्पांकडे बघितलं. आप्पांनी मांडी घातली, खटका दाबला. खरखर आली, मग कापूस आला, कालच्यापेक्षा चढलेला. तोच आवाज समोरच्या चावडीवरूनही येत होता. दारातून बघितलं, तर वहिनी ओट्यावर भिंतीला टेकून बसलेल्या, हात मांडीत. आप्पांनी मला खुणेने गप्प बसवलं. ज्वारी झाली, मिरची झाली, शेंग झाली. आप्पांनी खटका बंद केला.

वहिनी आल्या. उंबऱ्यात चपला काढता काढता म्हणाल्या, “आज कापूस चढना.”

आप्पा चटकन सरसावून बसले. “चढना? काय सांगस!”