शरयूकाकूंचं चर्च

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर आई-वडिलांनंतर मी शरयूकाकूंचं नाव घेतो. अमेरिकेत पिस्कॅटवेला स्थापत्याचं एम.एस. करायला आलो तेव्हा मी त्यांच्या बेसमेंटमध्ये राहायचो. पहिल्याच रविवारी चहा झाल्यावर काकू खुर्चीत मागे टेकल्या, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "बस हं गजानन, मी जरा चर्चला जाऊन येते."

मी गोंधळून त्यांच्या सुनेकडे, मृणालवहिनींकडे पाहिलं. त्या डिशवॉशर लावता लावता म्हणाल्या, "येतील थोड्या वेळात. तोवर कुणाचा फोन आला तर सांगायचं, आई बाहेर गेल्यात."

ते चर्च इंग्लंडमधल्या एका खेड्यातलं, मध्ययुगातलं, लहानसं. लग्नानंतर काका तिथं डॉक्टर होते आणि दिवसभर दवाखान्यात असायचे. काकूंशी बोलायला गावात कुणी नव्हतं. दुपारी उघडं असायचं ते फक्त चर्च. पुण्यात नकाशे काढायचं काम केलेल्या काकू तिथं जाऊन बसायच्या आणि बघत राहायच्या. "देव त्यांचा होता," त्या म्हणायच्या, "पण सावली सगळ्यांची."

त्या डोळे मिटून बोलायला लागल्या की मीही त्यांच्यामागून आत शिरायचो. दाराबाहेर छपरी, तिच्यात दोन्ही बाजूंना दगडी ओटे. आत पाऊल टाकलं की आधी गारवा, मग जुन्या लाकडाचा आणि मेणाचा वास. लोकांच्या बसायच्या भागाला त्या सभामंडप म्हणायच्या आणि पलीकडच्या, वेदी असलेल्या भागाला गाभारा. दोहोंच्या मध्ये कोरीव लाकडी जाळी. बाकांच्या टोकांना कुणी सुताराने ससे, कुत्री, एक झोपलेला माणूस कोरलेला. जाळीशेजारच्या भिंतीत एक तिरकं भोक होतं. "खांबाआड बसलेल्यालाही वेदी दिसावी म्हणून कुणीतरी एवढी जाड भिंत पोखरली," काकू सांगायच्या. "मी नेमकी तिथंच बसायची."

माझ्या दुसऱ्या वर्षी काकूंच्या नजरेत मधोमध डाग दिसायला लागला. वाचणं लवकरच जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. काकू रडल्या नाहीत. मला वर बोलावून म्हणाल्या, "गजा, मला ते चर्च एकदा कागदावर पाहायचंय. सगळं मिळून. दिसतंय तोवर."

मोजमापं कुठेच नव्हती. रुंदी विचारली की काकू टेबलावर वीत टाकत जायच्या. मी त्यांची वीत पट्टीने मोजून ठेवली होती. मंडपाची लांबी पावलांत. ती मोजायला आम्ही दोघं ड्राइव्हवेवर चालायचो. समोरच्या घरातले शेजारी कुत्र्याला फिरवताना थांबायचे. काकू त्यांना हात हलवून सांगायच्या, "वी आर इन चर्च," आणि पुढे चालायच्या.

कॉम्प्युटरवर काढलेल्या नकाशाचा पहिला प्रिंट मी मोठ्या हौसेने आणला. काकू भिंग घेऊन त्यावर वाकल्या.

"गाभारा सरळ केलास?"

"सरळच असणार ना काकू. सॉफ्टवेअर रेष आपोआप काटकोनात नेतं."

"सॉफ्टवेअर गेलं होतं का तिथं?"

वहिनी ओट्याजवळ हसल्या. मी कानकोंडा झालो. मलकापूरच्या शाळेत रेघ वाकली की सर वहीवर फुली मारायचे. घरातला पहिला पदवीधर मी झालो तो अशा सरळ रेघांवरच.

काकूंनी माझं बोट धरून कागदावर हलकेच डावीकडे सरकवलं. "दारात उभं राहिलं की गाभारा असा कललेला दिसतो. कुणी मान वळवून बघावं तसा. बांधणारा चुकला असेल, नसेल. पण उभं आहे ना अजून? मग तू कशाला सुधारतोस? असेल तसं काढ."

मी सगळं पुन्हा काढलं. शेवटी राहिली एक खिडकी, फुटक्या रंगीत काचांचे तुकडे जोडून केलेली. दक्षिणेच्या भिंतीत, काकूंनी सांगितली तिथं. तिच्यातून दुपारी बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडावर लाल उजेड पडायचा, आणि त्यासाठीच त्या जायच्या. दुसरा प्रिंट त्यांनी भिंगातून सावकाश, एकेक बाक करत पाहिला. खिडकीपाशी भिंग बराच वेळ थांबलं. नंतर दोन महिन्यांत त्यांचं वाचणं संपलं.

तोच नकाशा घेऊन मी मुलाखतीला गेलो. आता डेट्रॉईटजवळ नोव्हायला राहतो, शहरातल्या जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करतो. यंदा सुट्टी काढून ते चर्च पाहून आलो आणि काकूंना पत्र लिहिलं. ते वहिनींनी त्यांना वाचून दाखवायचं होतं.

ती. शरयूकाकू, सा. न.

जाऊन आलो. गाभारा डावीकडेच कललेला आहे, तुम्ही सांगितला त्याहून थोडा जास्तच. झोपलेला माणूस अजून झोपलाय. तुमची आठवण असलेलं मात्र कुणी भेटलं नाही.

काकू, ती खिडकी दक्षिणेला नाही, उत्तरेला आहे. तिथं ऊन येत नाही. मी कुंडापाशी अख्खी दुपार बसलो, उजेड पडला नाही. हे तुम्हाला सांगू नये असं विमानात वाटत होतं. पण न सांगणं म्हणजे तुमच्यासमोर पुन्हा सरळ रेघ ओढणं झालं असतं.

नकाशात खिडकी तुम्ही सांगितली तिथंच आहे. हलवू का, ते तुम्ही सांगा.

तुमचा,
गजानन